हाबोचा तिसरा कप

मासळीघराच्या दारात टालके ओल्टमन्सने कोट उतरवला आणि फळीमागच्या मुलीकडे दिला. मुलीने कोटाचा पितळी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला. फेब्रुवारीचा वारा गोदीवरून थेट आत येत होता, म्हणजे बिल्ला गार असणारच. पण टालकेच्या हाताला ते कळलं नाही. हाबो गेल्यापासून तिच्या हाताला, जिभेला, कानाला असंच काही पोचत नव्हतं. सगळं दिसायचं, ऐकू यायचं आणि उंबऱ्याशीच थांबायचं.

"हे बघ, तू नुसतं 'नाही' म्हणायचं," स्वांट्ये गळ्यातला रुमाल सोडवत म्हणाली. "कारण विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव."

स्वांट्ये म्हणजे हाबोची थोरली बहीण. अंगाने बुटकी, आवाजाने उंच. तिने आवाज चढवला की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसत.

"बघू," टालके म्हणाली.

"नाताळापासून 'बघू'च ऐकतेय मी. उद्या प्रदर्शन उघडणार त्यांचं. आता काय बघायचं राहिलंय? तुझा मेलेला नवरा भिंतीवर चहा पितोय, ते?"

फळीमागची मुलगी एकदम कोटांच्या गर्दीत काहीतरी शोधायला लागली.

प्रश्न एवढाच होता, आणि त्याचं उत्तर टालकेने आज द्यायचं होतं. मासळीघराच्या मागच्या दालनात हाबोचं एक चित्र हलणार होतं, ते हलू द्यायचं की नाही? हो म्हटलं की उद्यापासून सगळं एम्डेन शहर हाबोला बघणार. नाही म्हटलं की तो पडद्यावरून उतरणार. घरातल्या खुर्चीवरून उतरला तसाच.

गेल्या ऑगस्टात हॅनोवरहून लिओनी फोग्ट नावाची एक मुलगी आली होती. तिने मासळीघरात एक खोली घेतली आणि गावातल्या माणसांना एकेक करून बोलावलं. टेबलाशी बसवायचं, चहा द्यायचा, आणि माणूस उठेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा. बोलायचं काही नाही. आमच्या या समुद्रकाठच्या सपाट मुलखात माणसांना गप्प बसा म्हणून सांगावं लागत नाही, आणि हाबोला तर मुळीच नाही. कालव्याच्या दरवाजांवर त्याने उभा जन्म काढला होता. खालची बोट वर घ्यायची, वरची खाली सोडायची. पाणी चढेपर्यंत वाट बघायची, उतरेपर्यंत वाट बघायची. वाट बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या दिवशी तो घरी आला तो धावतच संडासात शिरला.

"काय झालं रे?" टालकेने दाराबाहेरून विचारलं.

"चहा," आतून आवाज आला. "एवढा चहा मी आपल्या लग्नातही प्यालो नव्हतो."

आमच्याकडे चहाची रीत ठरलेली आहे. पातळ चिनीमातीच्या लहानशा कपात खडीसाखरेचा खडा ठेवायचा, वरून कढत चहा ओतायचा, खडा तडतडला पाहिजे. मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही. माणूस तीन कप पितो. तिसरा संपला की बशीतला चमचा उचलून कपात ठेवतो, म्हणजे पुरे झालं. जोवर चमचा कपात पडत नाही, तोवर घरची बाई ओतत राहते, आणि ती ओतते आहे तोवर पाहुणा उठत नाही. लिओनीला हे कुठून माहीत असणार? हाबोने चमचा कपात ठेवला की ती येऊन तो काढायची, पुसायची, बशीत ठेवायची आणि परत भरायची. खिडकीतला उजेड बदलला होता म्हणे.

"अरे, मग उठायचं की!"

"ती ओततेय, टालके. उठणार कसा?"

टालके हसत हसत जिन्याच्या पायरीवर बसली होती. आपण हसलो होतो हे तिला आता आठवत होतं. हसताना कसं वाटलं होतं, ते मात्र आठवत नव्हतं.

ऑक्टोबरात एका सकाळी हाबो कोबीच्या वाफ्यात खाली बसला तो उठलाच नाही. मातीनंतर सगळा गाव चर्चच्या सभागृहात चहाला जमला, तेव्हा टालके स्वतः किटली घेऊन फिरली. मनुक्यांच्या पावाला लोणी लावलं. एक थेंब सांडला नाही. बाया म्हणाल्या, टालके खंबीर आहे. स्वांट्ये काही म्हणाली नाही, आणि स्वांट्ये गप्प बसली की ते सगळ्यांत वाईट.

नाताळच्या सुमारास लिओनीचा फोन आला. हाबोचं चित्र सगळ्यांत चांगलं उतरलं होतं, शेवटच्या खोलीत तो एकटाच असणार होता. "पण तुम्ही नको म्हणालात तर मी काढून टाकीन," ती म्हणाली. "आधी येऊन बघा, मग सांगा." टालकेने येणं पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं, आणि आज ढकलायला पुढे दिवसच उरला नाही. आता येणारच आहोत तर म्हणून स्वांट्येने दुपारच्या नाटकाची दोन तिकिटं काढली. एवढ्या लांब येऊन एकच काम करून परतणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

या जागेला शहराने लांबलचक नाव दिलं आहे, पण मासळीघर म्हटल्याशिवाय टॅक्सीवाल्याला कळत नाही. खाली हेरिंगची पिंपं भरायचे तिथे आता नाटकघर आहे. वर जाळी वाळायची त्या माळ्यावर सिनेमा. मागच्या बाजूला बर्फाची खोली होती, तिथे चित्रं लावतात. टालके पहिल्यांदा या दारातून आत आली तेव्हा पंधराची होती. दलदलीतून पीट, म्हणजे जळणाची माती, खणणाऱ्यांच्या गावाहून आलेली, हातात आईने दिलेली सुरी. तेव्हा तिला मासे साफ करायला बर्फाच्या खोलीतच उभं केलं होतं.

नाटक आपल्या गावाकडच्या बोलीतलं होतं. दोन भावांचं एका डुकरिणीवरून भांडण, मध्ये पाद्री, मध्ये विम्याचा माणूस. डुकरीण कपाटात लपवली तेव्हा सभागृह असं हसलं की पुढच्या रांगेतल्या म्हातारीचा चष्मा खाली पडला. स्वांट्ये मांडीवर हात आपटत होती. टालकेला लोकांची तोंडं उघडलेली दिसत होती. ते हसणं तिला कौलावरच्या पावसासारखं येत होतं, बाहेर कुठेतरी पडणाऱ्या. ती हात मांडीवर ठेवून बसली, आणि बाकीचे टाळ्या वाजवत तेव्हा तिनेही वाजवल्या.

मध्यंतरात फोको भेटला. हाबोबरोबर दरवाजांवर काम केलेला, उंच, वाकलेला, बिअरचा ग्लास दोन्ही हातांनी धरणारा.

"मोइन," फोको म्हणाला. आमच्याकडचा रामराम तो.

"मोइन," दोघी म्हणाल्या.

फोकोने अर्धा ग्लास संपवला.

"ऐकलं, हाबो नट झाला म्हणे," फोको म्हणाला.

"झालेला नाही, होणारही नाही," स्वांट्ये म्हणाली. "आज काढायला लावणार आहोत आम्ही."

"का गं? जन्मभर पाण्याकडे बघत बसला, तेव्हा कोणी तिकीट काढलं नाही. आता लोक बघायला येतायत तर येऊ देत."

"तुझ्या बहिणीला लाव भिंतीवर."

"माझ्या बहिणीला लावलं तर भिंत पडेल." फोकोने टालकेकडे पाहिलं. "तुला काय वाटतं, टालके?"

टालकेने शोधून पाहिलं. आतमध्ये हात घालून चाचपावं तसं. "काही वाटत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

फोकोने मान हलवली आणि ग्लासात बघितलं. तो निघून गेल्यावर स्वांट्ये खालच्या आवाजात म्हणाली, "हेच मला बघवत नाही बघ. माझ्या भावाच्या मातीला तू चहा ओतत फिरलीस, परक्याच्या मातीला ओतावा तसा. मी म्हटलं, असेल, कोणाचं उशिरा येतं. पण तुझं येतच नाहीये."

"नाही येत," टालके म्हणाली.

"मग निदान त्याला तरी सोड. लोकांसमोर असा टांगून ठेवू नकोस."

घंटा वाजली. डुकरीण शेवटी पाद्र्याकडे गेली. लोक उठले, कोट घ्यायला निघाले, आणि या दोघी उलट दिशेने मागच्या बोळात वळल्या. बोळाच्या वळणावर माळ्यावरच्या सिनेमाचा जिना उतरतो. वरून मक्याच्या लाह्यांचा वास येत होता. हाबो महिन्यातून एकदा टालकेला इथे घेऊन यायचा आणि दिवे मालवले की झोपायचा. घरी जाताना सगळी गोष्ट तिच्याकडून ऐकून घ्यायचा, आणि म्हणायचा, "चांगला होता सिनेमा." टालकेने जिन्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

बर्फाच्या खोलीला आता पांढरा रंग होता, पण भिंतींची जाडी तीच होती. आत पाऊल टाकलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद व्हायचा, तेही तसंच होतं. पूर्वी इथे लाकडी टेबलांना पोरी लागून उभ्या असत. सुरी घुसवायची, आतडं काढायचं, मासा फेकायचा. बर्फात बोटं अशी बधिर होत की कापलं तरी रक्त दिसल्यावरच कळे. चहाची सुट्टी झाली की मुकादमीण बाउके कप लगेच धरू देत नसे. आधी हात काखेत. थोड्या वेळाने बोटं जागी व्हायला लागत आणि अशी ठणकत की नवी पोर हमखास रडे. मग बाउके म्हणे, "ठणकतायत ना? म्हणजे आहेत अजून. घे आता चहा."

लिओनी दारातच उभी होती. केस आखूड, स्वेटरची कोपरं विरलेली, डोळ्यांखाली काळं. तिने हात पुढे केला. "फ्राउ ओल्टमन्स. मला वाटलं, तुम्ही येणार नाही."

"आलो," स्वांट्ये म्हणाली. "दाखवा काय आहे ते."

खोलीच्या मध्यावर एक साधं टेबल होतं, एक खुर्ची. टेबलाची पलीकडची कड भिंतीला भिडली होती, आणि भिंतीवर तेच टेबल पुढे चालू होतं. लिओनीने कुठलंसं बटण दाबलं. टेबलाच्या पलीकडे हाबो बसलेला होता.

खराखुरा, तेवढाच मोठा. निळ्या सदऱ्याची कॉलर एका बाजूने वर आलेली. टालकेने त्याला त्या सकाळी सांगितलं होतं, कॉलर नीट कर. त्याने केली नव्हती. कडेने आलेल्या एका हाताने चहा ओतला. खडीसाखर तडतडली, तो आवाज सगळ्या खोलीत फिरला. हाबोने कान जरा कपाकडे केला, तो नेहमी करायचा तसा. साय सोडली, ती खाली जाऊन ढग होऊन वर आली. त्याने कप उचलला.

स्वांट्ये तिथेच रडायला लागली. तिचं रडणंही तिच्या आवाजासारखंच, सगळं भरून टाकणारं. "बंद करा," ती म्हणाली. "बंद करा हो ते. केवढा जिवंत आहे तो!" ती भिंतीकडे पाठ करून उभी राहिली.

लिओनीने टालकेकडे पाहिलं. टालके जाऊन खुर्चीवर बसली. समोर हाबो. ती बसली म्हणून तो काही हलला नाही. पहिला कप संपला, दुसरा आला. तो खिडकीकडे बघत होता, पाणी चढायची वाट बघावी तसा. तिसरा कप संपला. त्याने कप बशीत ठेवला. दोन बोटांनी चमचा उचलला.

आणि पडदा क्षणभर लुकलुकला, आणि तो परत पहिल्या कपापाशी बसलेला होता. खडीसाखर तडतडली.

टालकेने ते पुन्हा पाहिलं. पुन्हा चमचा बशीतून उचलला गेला आणि कपात पडायच्या आत सगळं मागे गेलं. तिसऱ्यांदा तिने हाबोचा चेहरा पाहिलाच नाही. नुसता चमचा पाहिला.

"हा थांबणार कधी?" तिने विचारलं.

"थांबणार नाही," लिओनी हळूच म्हणाली. "सकाळी दार उघडलं की सुरू, संध्याकाळी बंद होईपर्यंत. मे महिन्यापर्यंत."

"तेवढा वेळ हा चहाच पिणार?"

"हो."

"चमचा न ठेवता?"

लिओनीने स्वेटरची बाही ओढून बोटांवर घेतली. "चमच्याचं मला नंतर कळलं. इथल्याच एका आजींनी सांगितलं. मी त्यांच्या कपातून किती वेळा चमचा काढला, आणि ते बिचारे... मला फार लाज वाटली. आणि मग ते गेल्याची बातमी आली. मी चित्रफीत कापायला बसले तेव्हा मला तो चमचा कपात पडू देववेना. म्हणून तिथेच कापलं. तो पडला की संपलं, असं होतं ना तुमच्यात. मला ते संपायला नको होतं."

"पण संपलंय," टालके म्हणाली.

तिने ते जोरात म्हटलं नाही. तरी स्वांट्ये रडायची थांबली आणि वळली. ऑक्टोबरपासून टालकेच्या तोंडून हे कोणी ऐकलं नव्हतं. टालकेनेही ऐकलं नव्हतं. समोर हाबो दुसऱ्या कपाशी होता.

"त्याला उठायचं असतं," टालके म्हणाली. "तुम्ही ओतत राहिलात तर तो उठणार नाही. तो तसाच आहे. मे महिना झाला, वर्ष झालं, तरी बसून राहील. त्याला सोडायला पाहिजे कोणीतरी."

"ऐकलंत?" स्वांट्ये म्हणाली. "काढा. मी काय सांगत होते?"

"काढा नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंस?"

टालकेने चमच्याकडे पाहिलं. तिला घाई नव्हती, आणि त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही घाई करता येणार नव्हती. "दिवसभर बसू दे त्याला," ती म्हणाली. "फोको म्हणतो तसं, बघू देत लोकांना. पण संध्याकाळी दिवे मालवायच्या आधी चमचा कपात ठेवू द्या. रोज. तो कापलेला तुकडा आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. सगळा आहे."

"मग तो लावा. तो उठला की मग अंधार करा. असं चालणार असेल तर हो. नाहीतर नाही."

लिओनीने मान डोलावली.

"आणि सकाळी?" स्वांट्येने नाक पुसत विचारलं. "सकाळी पुन्हा आणून बसवायचा?"

"सकाळी माणूस चहा पितोच, स्वांट्ये."

स्वांट्येने लिओनीकडे वळून बोट उगारलं. "रोज म्हणजे रोज. मी इथे मधूनच येऊन उभी राहीन. सांगणार नाही कधी ते. अन् आज काय? आजची संध्याकाळ झालीच की."

लिओनी कोपऱ्यातल्या यंत्राशी गेली. तिचे हात चुकत होते, दोनदा भलतंच काहीतरी लागलं; एकदा कोणी भलताच मिशीवाला माणूस बिस्कीट खाताना दिसला. मग हाबो परत आला. तिसरा कप संपला होता. त्याने चमचा उचलला, आणि या वेळी तो कपात गेला. काचेसारखा बारीक आवाज झाला. हाबोने दोन्ही तळहात टेबलावर टेकले, कोणत्याही टेबलावरून उठताना टेकायचा तसे.

"बरं तर," हाबो म्हणाला.

आणि उठला. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली, मग अंधार झाला.

टालके बसून राहिली. तिने वाट पाहिली, की आता येईल. आलं नाही. आत तेच सपाट, तेच पांढरं. तिने बिल्ला खिशातून काढला, परत ठेवला, आणि म्हणाली, "चल, स्वांट्ये. मला तहान लागलीय."

मासळीघरातल्याच चहाघरात खिडकीशी जागा मिळाली. गोदीवर दिवे लागत होते. स्वांट्येने किटली आपल्याकडे ओढली, कारण ओतायचं काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे. टालकेने दोन्ही हात काखेत घालून ठेवले होते. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने ते काढले आणि कप धरला.

पहिल्या कपाला चव नव्हती. दुसऱ्यालाही नव्हती. तिसऱ्याच्या शेवटच्या घोटाशी कप भाजायला लागला. चहा एव्हाना कोमट झाला होता आणि तरी बोटांची टोकं चुणचुणत होती, मग ठणकायला लागली, अशी की तिला कप खाली ठेवावा लागला.

"काय गं?" स्वांट्येने विचारलं.

"काही नाही. हात."

स्वांट्येने तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या बशीकडे. कप रिकामा होता. चमचा बशीतच पडून होता, टालकेने त्याला हात लावला नव्हता. स्वांट्येने खडीसाखरेचा एक खडा कपात ठेवला आणि किटली उचलली.